वीतभर बांगडा

कोकणातल्या माणसाला बांगड्याविषयी चार शब्द सांगायला जाणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवण्यासारखे आहे. त्यातून मी कला शाखेची विद्यार्थिनी; मत्स्यशास्त्र हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. तरीही हे धाडस करते आहे, कारण मला जे म्हणायचे आहे ते शास्त्राच्या पुस्तकापेक्षा बाजारातल्या टोपलीशी अधिक निगडित आहे, आणि टोपलीशी आपणा सर्वांचाच संबंध येतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या बांगड्याची लांबी आपल्या वितीएवढी भरत नाही तो बांगडा आपण विकत घेऊ नये. एवढ्याशा गोष्टीसाठी लेख कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठीच बांगड्याची कुळकथा थोडी विस्ताराने सांगावी लागेल.

मासळीच्या बाजारातही एक प्रकारची वर्णव्यवस्था आहे. पापलेट, सुरमई, हलवा हे पाहुण्यांचे मासे. बांगडा हा घरचा. पाहुणा येणार असेल तर बांगड्याचे नाव कुणी काढत नाही आणि पाहुणा गेला की त्याच्याशिवाय चालत नाही. तिरफळे घालून केलेले बांगड्याचे तिखले, गोव्याकडची उडदामेथी, पावसाळ्यात चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि सोबत उकड्या तांदळाची पेज, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक पिढ्यांचे खरेखुरे अन्न आहे. गरिबाला परवडणारा मासा म्हणून आपण त्याचे कौतुक करतो खरे. पण त्या कौतुकात 'हा काय, कधीही मिळेल' असा एक बेफिकीर सूरही मिसळलेला असतो. स्वस्त म्हणजे अमाप, असे समीकरण आपण मनाशी बांधून ठेवले आहे. हे समीकरण चुकीचे आहे, हे बांगड्याच्या आयुष्याकडे नीट पाहिले की कळते.

प्रथम नावाविषयी. शास्त्रात बांगड्याला 'रास्ट्रेलिगर कानागुर्ता' म्हणतात. नाव ऐकून लॅटिनचे भय वाटते. परंतु त्यातला 'कानागुर्ता' हा शब्द लॅटिन नाही, तो चक्क तेलुगू आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या पॅट्रिक रसेल नावाच्या वैद्याने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरील दोनशे माशांची चित्रे व वर्णने गोळा करून १८०३ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक माशाला तिथले लोक काय म्हणतात तेही त्याने नोंदवून ठेवले. पुढे क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने या माशाचे शास्त्रीय नामकरण करताना तेच नाव उचलले. म्हणजे पॅरिसमधल्या विद्वानाला आपल्या देशातल्या किनाऱ्यावरच्या बोलीपुढे हात पसरावा लागला! जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत आज बांगड्याचे नाव घेतले जाते तेव्हा एका अनामिक तेलुगू मच्छीमाराचा शब्द उच्चारला जातो. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सुखावणारी आहे, आणि माझ्या पुढील विवेचनाशी तिचा संबंधही आहे.

नावाचा पहिला भाग 'रास्ट्रेलिगर'. त्याचा अर्थ 'छोटी दंताळी बाळगणारा'. बांगड्याचे तोंड उघडून पाहा. आत कल्ल्यांच्या कमानींना पिसांसारखे लांब, दाट दाते दिसतील. शेतातला पाला ओढायला आपण दंताळे वापरतो तसे हे त्याचे दंताळे. पाण्यात तो तोंड आ वासून पोहतो. पाणी कल्ल्यांतून बाहेर जाते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव, ज्यांना प्लवक म्हणतात, या दात्यांत अडकून पोटात जातात. लहानपणी तो डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पती आणि बारीकसारीक प्राणी खातो. मोठेपणी कोळंबीची व इतर माशांची पिल्लेही खातो. त्याला स्वतःला सुरमई, कुपे आणि इतर मोठे मासे खातात. समुद्रातल्या सूक्ष्म हिरवाईचे माशाच्या मांसात रूपांतर करणारा आणि ते मोठ्या माशांपर्यंत व माणसापर्यंत पोहोचवणारा असा हा मधला दुवा आहे. बांगडा नाहीसा झाला तर केवळ आपले तिखले जाणार नाही. पाहुण्यांची सुरमईही उपाशी राहील.

त्याचे घर मोठे आहे. तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ते इंडोनेशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पार सामोआपर्यंत तो आढळतो. सुएझ कालव्यातून तो भूमध्य समुद्रातही शिरला आहे. मात्र त्याला ऊब हवी. वरच्या थरातले पाणी १७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले त्याला मानवत नाही. आणि एवढे मोठे घर असूनही तो खोल महासागराच्या मध्यभागी राहत नाही. किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र हाच त्याचा संसार. आपल्या देशात पूर्वीपासून बांगड्याची खरी पेठ म्हणजे रत्नागिरीपासून केरळातल्या कोल्लमपर्यंतची किनारपट्टी. याचे कारण आपल्या पावसाळ्यात आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. केरळ-कर्नाटकाकडे त्याचा जोर अधिक, उत्तरेकडे येता येता तो कमी होतो. या खतावर समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचे जणू शेत पिकते, त्यावर प्लवक पोसले जातात आणि प्लवकांच्या मागे बांगडा येतो. श्रावण-भाद्रपदानंतर किनाऱ्यावर बांगडा लागू लागतो आणि हंगाम माघ-फाल्गुनापर्यंत चालतो तो यामुळे. जमिनीवरचे भात आणि समुद्रातला बांगडा ही दोन्ही एकाच पावसाची पिके आहेत.

'पीक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बांगड्याचे आयुष्य फार थोडे असते. अगदी जपून राहिला तरी तो चार-पाच वर्षांपलीकडे जात नाही, आणि आपल्या जाळ्यात जो येतो तो बहुधा वर्ष-दोन वर्षांचाच असतो. मादी एका हंगामात टप्प्याटप्प्याने अंडी सोडते. ती मिलिमीटरहूनही लहान असतात आणि पाण्यावर मोकळी तरंगतात. त्यांची राखण करायला कुणी नसते. त्यांतून जगलेली पिल्ले झपाट्याने वाढतात. अलीकडच्या अभ्यासांनुसार पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ती वीस सेंटीमीटरच्या घरात पोहोचतात. आणि याच सुमारास, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदींप्रमाणे साधारण १७ ते २२ सेंटीमीटर लांबीला, बांगडा पहिल्यांदा प्रजननक्षम होतो.

याचा अर्थ काय होतो तो पाहा. वडाच्या झाडासारखी जुनी खोडे बांगड्याच्या कुळात नसतात. या वर्षी जे जगतील त्यांनीच पुढच्या वर्षीची बेगमी करायची. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याचे भात कांडत नाही. उपास काढील, पण कणगीतले बी राखील. वीतभर न झालेला बांगडा हे समुद्राचे बियाणे आहे. आपण ते कांडून खातो, आणि वर 'यंदा बांगडा का नाही?' म्हणून आश्चर्य करतो.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बांगडा थव्याने राहतो हे आपण जाणतोच. पण त्या थव्यात वर्गवारी असते. साधारण एकाच लांबीचे मासे एकत्र फिरतात. जणू पहिलीची मुले पहिलीच्या वर्गात आणि सातवीची सातवीच्या. त्यामुळे बारीक आसाचे मोठे जाळे एखाद्या कोवळ्या थव्याभोवती पडले, तर मोठ्यांबरोबर चार लहान सापडले असे होत नाही. अख्खा वर्गच्या वर्ग उचलला जातो. एका फेऱ्यात, एका रात्रीत.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. बांगडा कधी उदंड येतो, कधी पाठ फिरवतो, हे तर आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आले आहे. तेव्हा कुठे पर्ससीन होते? आक्षेप खरा आहे. कारवारच्या बांगड्यावर एल. बी. प्रधान यांनी १९५६ साली जे संशोधन प्रसिद्ध केले ते यांत्रिक बोटींच्या आधीच्या, रापणीच्या काळातले. आणि हंगामाहंगामातला चढउतार हा त्या काळीही अभ्यासकांपुढचा प्रश्न होताच. पाऊस, प्रवाह, पाण्याची ऊब, खाद्य यांचे गणित जमले तर पीक येते, नाही तर हुकते. २०१८ साली देशातल्या सागरी मासळीत बांगड्याचा पहिला क्रमांक लागला. सुमारे २ लाख ८४ हजार टन बांगडा त्या वर्षी किनाऱ्यावर आला. त्याच वर्षी तारली मात्र एकदम खाली घसरली. समुद्र तापतो आहे तसा बांगडाही आपले बिऱ्हाड हलवतो आहे. पूर्वी जिथे तो फारसा मिळत नसे अशा उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर आता मिळू लागला आहे आणि तळाच्या ट्रॉलर जाळ्यांतही येऊ लागला आहे. तेव्हा प्रत्येक वाईट हंगामाचे खापर एकाच जाळ्यावर फोडणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही.

परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मात्र मला उलटा दिसतो. पावसाचा भरवसा नाही म्हणून शेतकरी बियाणे खात नाही. भरवसा नाही म्हणूनच तो ते अधिक जपतो. निसर्गाच्या हातचा चढउतार आपल्याला थांबवता येत नाही. म्हणून जे आपल्या हातात आहे तेवढे तरी आपण सांभाळले पाहिजे.

हातात काय आहे, याविषयी आपल्याकडे भांडणे पुष्कळ झाली आहेत. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. त्याला गावातली कितीतरी माणसे लागत आणि मिळेल त्याचे वाटे होत. १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक बोटी आणि पर्ससीन जाळी आली, तशी गोव्यातल्या रापणकारांनी मोठी चळवळ उभारली. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० सालचा, महाराष्ट्राचा १९८१ सालचा. त्यानंतर २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्रात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा राहिली. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ साली केंद्र सरकारने बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी यांत्रिक बोटींना लागू असते. आपले पूर्वज नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून दर्यात होडी लोटत नसत. त्याच शहाणपणाचे हे सरकारी रूप म्हणता येईल, कारण पावसाळा हा बांगड्याच्या विणीचाही काळ आहे.

इतके कायदे असताना आणखी काय हवे? मला वाटते, एका गोष्टीची उणीव आहे. हे सारे नियम 'कुणी, कुठे, केव्हा, कशाने' मासे धरायचे याचे आहेत. 'किती मोठा मासा धरायचा' हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. केरळने २०१५ साली काही माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्यात बांगड्यासाठी १४ सेंटीमीटर हा आकडा आहे. महाराष्ट्रानेही २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकारमान जाहीर केले. पाऊल योग्यच आहे. पण दोन अडचणी राहतात. एक तर असे आकडे म्हणजे तळाची रेघ. चौदा सेंटीमीटरचा बांगडा कायद्याच्या दृष्टीने धरण्याजोगा झाला तरी निसर्गाच्या दृष्टीने तो अजून बहुधा शाळकरी पोरच असतो. आणि दुसरी अडचण भाषेची आहे. मिलिमीटर आणि सेंटीमीटर हे शासकीय आदेशाच्या कागदावर शोभतात. मासळीबाजारात पट्टी घेऊन कोण जाणार? जो नियम बाजाराच्या भाषेत सांगता येत नाही तो बाजारापर्यंत पोहोचत नाही.

म्हणूनच मला वीत आठवली. हात पसरला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे ते माप. आपल्या आज्या-पणज्या त्यावर चोळीचे कापड मोजत. मी घरातल्या वितीच पट्टीवर मोजल्या. माझी १९ सेंटीमीटर भरली, वडिलांची २२. बांगडा प्रजननक्षम होण्याची जी लांबी शास्त्रज्ञ सांगतात ती याच पट्ट्यात येते! परमेश्वराने जणू प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातातच बांगड्याचे माप देऊन ठेवले आहे. क्युव्हिएने मच्छीमाराचा शब्द घेतला तेव्हा शास्त्राचे काही बिघडले नाही. आज कायद्याने आपल्या हाताचे माप घेतले तर कायद्याचेही काही बिघडणार नाही. निदान आपण तरी ते घ्यायला हरकत नसावी.

हे मी आमच्या बाजारातल्या एका मावशींना बोलून दाखवले. त्यांच्या टोपलीत त्या दिवशी बोटभर लांबीच्या बांगड्यांचा ढीग होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चेडवा, मी नाय घेतलंय म्हणान तो बांगडो परत जितो होतलो काय गो?" प्रश्न बिनतोड आहे. मेलेला मासा मी घेतला नाही म्हणून जिवंत होत नाही. उलट मावशींच्या दिवसाच्या कमाईतच खोट येते. पण विचार केला की लक्षात येते, आज टोपलीतल्या माशाला जो भाव येतो त्यावर उद्याच्या जाळ्याचा आस ठरतो. बारीक बांगडा दोन-तीन बाजार पडून राहिला तर मावशी तो लिलावात उचलणार नाहीत. त्यांनी उचलला नाही तर बोटीचा मालक तो आणण्यासाठी डिझेल जाळणार नाही. आणि मावशींचे नुकसानही व्हायला नको. म्हणून न घेता निघून जाण्याऐवजी 'मोठा असला तर घेते, दोन पैसे जास्त देते' असे सांगावे. तोच बांगडा १४ सेंटीमीटरचा २१ झाला की लांबी दीडपट होते, पण वजन तिपटीहून अधिक होते. थोड्या महिन्यांच्या धीरावर तिप्पट पीक देणारे दुसरे कोणते शेत आहे?

'गरिबाने काय करावे?' असाही प्रश्न येईल. लहान बांगडा स्वस्त असतो म्हणून तर तो गरिबाच्या ताटात पडतो. ज्याच्या घरी तेवढ्यावरच चूल पेटते त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी आहे: नोकरदार घरे, खाणावळी, वसतिगृहे, लग्नाच्या पंगती आणि पर्यटकांना 'अस्सल मालवणी' ताट वाढणारी हॉटेले. शिवाय कोवळी मासळी गरिबाच्या ताटातच जाते असेही नाही. तिचा मोठा वाटा फिशमीलच्या कारखान्यांत दळला जाऊन कोंबड्यांच्या आणि पाळलेल्या कोळंबीच्या खाद्यात जातो. म्हणजे गरिबाचा मासा बालपणीच दळून श्रीमंताच्या ताटातली कोळंबी पोसायची, असा हा व्यवहार आहे. गरिबाचे नाव पुढे करून या व्यवहाराचे समर्थन करणे हा गरिबावरचा दुहेरी अन्याय होय.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर, वसतिगृहाच्या खाणावळीत आठवड्यातून एकदा तरी बांगडा होतो. तिथे 'वीतभर असेल तरच घ्यायचा' एवढा नियम करता येणे कठीण नाही. मराठी विभागाने मासळी आणि जाळी यांच्याविषयीचे किनाऱ्यावरचे शब्द जमवावेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका हंगामातला लिलावाचा भाव आणि माशाची लांबी यांची वही ठेवावी. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी पाऊस आणि हंगाम यांचा मेळ लावून पाहावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून देशभरच्या किनाऱ्यांवर अशी मोजदाद करीत आली आहे. पण आपल्या बंदराची वही आपल्याच हाताने लिहिण्यात एक वेगळे शिक्षण आहे. समुद्र आपल्या वर्गाच्या खिडकीतून दिसतो, मात्र आपल्या अभ्यासक्रमात तो क्वचितच येतो, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

आपल्या भाषेत 'वीतभर पोट' असा एक शब्दप्रयोग आहे. सारी वणवण, सारी धडपड या वीतभर पोटासाठी, असे आपण म्हणतो. ज्याने हा प्रयोग प्रथम केला त्याला मासळीबाजार ठाऊक होता की नाही, कोण जाणे. पण वीतभर पोटाला वीतभर बांगडा पुरतो, हा हिशेब चोख आहे. येत्या बाजाराच्या दिवशी टोपलीसमोर उभे राहाल तेव्हा पिशवी उघडण्यापूर्वी एकवार हात पसरून पाहा, एवढीच माझी सर्व मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना विनंती आहे.